लेआबाईनंतरचा घोट

“लेआबाई, हात! आधी हात काढा तिथून!”

स्वयंपाकघराच्या दारातूनच मी ओरडले. चुलीवर आमटीचं मोठं पातेलं रटरटत होतं. लेआबाई एका हाताने पळी फिरवत भजन गुणगुणत होती आणि दुसरा हात तिने पातेल्याच्या तापलेल्या काठावर खुशाल टेकवला होता. कातडी जळाल्याचा वास मला दारापर्यंत आला.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. हात उचलला तेव्हा करंगळीखालची साल पातेल्यालाच चिकटून राहिली. ती ओरडली नाही, साधं ‘आई गं’सुद्धा म्हणाली नाही. पळी खाली ठेवली, दार लोटून आतून कडी घातली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाई, तुमी बघितलं ते बघितलं,” ती म्हणाली. “आता खरं सांगते. मला तितं काय लागत न्हाई. लहानपनी मला रगतपिती झाली व्हती.”

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या लेंटमधली, म्हणजे ईस्टरच्या आधी आम्ही चाळीस दिवस उपवास-प्रार्थनेचे पाळतो त्यातली. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या मिशनचं मुलींचं बोर्डिंग होतं. मी, कुसुम आढाव, तिथे सव्वीस वर्षांची शिक्षिका आणि बोर्डिंगची मदतनीस. लेआबाई तिथली स्वयंपाकीण. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी असूनही सगळं बोर्डिंग तिला अगंतुगं करायचं. मी अहोजाहो करत असे, आणि त्याचा मला मनातून चांगलाच अभिमान होता. आज सांगताना मात्र ‘ती’च तोंडात येतं.

बारा वर्षांची असताना बापाने तिला घाटाखालच्या महारोग्यांच्या दवाखान्याच्या फाटकात सोडलं होतं. नऊ वर्षं गोळ्या खाऊन ती पुरती बरी झाली. डॉक्टरांनी तसा दाखला दिला. दाखला दिला पण घर कुठून देणार? म्हणून ती तिथेच रांधत राहिली. पुढे आमच्या बोर्डिंगच्या जुन्या मडमेने तिला इथे आणलं. मडम मायदेशी परत गेली आणि ती गोष्ट माहीत असलेलं इथे कुणीच उरलं नाही. राहिली होती ती थोडी वाकडी करंगळी आणि हाताची ती बधिर कड.

“मी हितं आले त्या दिवशी साठ पोरी माझ्या हातची भाकरी खाऊन उठल्या,” ती म्हणाली. “चुलीम्होरं बसून रडले मी. धडधाकट मानसानं माझ्या हातचं खाल्लं, ते बारा वर्साची असल्यापास्नं पयल्यांदा. बाई, आपल्यात शपथ घालत न्हाईत, न्हाईतर घातली असती. नुस्तं सांगते. ह्ये भाईर काढू नगा. भाईर गेलं की माझं हितलं संपलं.”

“लेआबाई, माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही,” मी म्हणाले.

मी तिचा हात धुतला, मलम लावलं, फडकं बांधलं. त्या रात्रीच्या पंगतीत मुद्दाम तिच्यासमोर बसून दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मला तिच्याबद्दल खरंच माया वाटत होती, त्यात खोटं काही नव्हतं. निजताना मी देवाचे आभार मानले की एवढ्या जणींतून तिने मला निवडलं.

आता आमच्या मातृसंघाचं सांगते. दर बुधवारी चार वाजता देवळाच्या ओसरीत आम्ही पंचवीसेक बायका जमत असू. दोन गाणी, थोडं वाचन, आणि मग एकेकीने प्रार्थनेचा विषय सांगायचा. कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कुणाची सून माहेरी जाऊन बसलेली. एकेकीचे विषय असे भरभक्कम असायचे. माझ्या वाट्याला येत ते मुलींच्या परीक्षा, मुलींची सर्दी आणि पुन्हा परीक्षा. त्यात त्या वर्षी आमचे पाळक उजागरे यांनी उपदेशात सांगितलं की प्रीती बोलून दाखवायची नसते, करून दाखवायची असते. मातृसंघाने ते इतकं मनावर घेतलं की लेंट संपेपर्यंत दर बुधवारी प्रत्येकीने, या आठवड्यात आपण कुणावर प्रीती केली, हे सर्वांसमोर बोलून दाखवायचं ठरलं.

त्या बुधवारी एकीने आजारी शेजारणीला पेज नेऊन दिली होती. दुसरीने जावेला माफ केलं होतं, त्या लेंटमध्ये तिसऱ्यांदा. मग आमच्या अध्यक्ष जयवंताबाई रणदिवे यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“कुसुम, तुझं काय?”

लेआबाई तेव्हा भाकऱ्या थापत असायची, म्हणून ती या सभेला कधीच नसे.

“माझा उपकारस्तुतीचा विषय आहे,” मी म्हणाले. “आपल्यातल्या एका बहिणीला देवाने फार मोठ्या दुखण्यातून बरं केलंय. तिच्या जखमेवर पट्टी बांधायची संधी मला मिळाली.”

“कसलं दुखणं?”

“ज्याला लोक अजून भितात तसलं.”

ओसरीवर अगदी शांत झालं. माझ्या विषयाला इतकी शांतता पूर्वी कधी मिळाली नव्हती.

“नाव सांग,” जयवंताबाई म्हणाल्या.

“नाव नको, काकू. तिने विश्वासाने सांगितलंय.”

“अगं, आपण काय पारावर बसलोय का? ही देवाची ओसरी आहे. आणि नाव घेऊन प्रार्थना करायची आपली रीत आहे. मोघम प्रार्थनेला उत्तरही मोघमच यायचं.”

मी नाव घेतलं.

काय सुंदर प्रार्थना झाल्या त्या दिवशी! बायका हमसून रडल्या. जयवंताबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून, या लेकराच्या हृदयात अशी प्रीती घातलीस म्हणून देवाचे आभार मानले. मी खोलीवर आले ती तरंगतच. पुढे आयुष्यात बरे दिवस आले, पण त्या संध्याकाळइतकी सुखी मी परत झाले नाही.

जयवंताबाई काही चहाडखोर बाई नव्हत्या. त्यांनी फक्त आपल्या सुनेला सांगितलं, तेही प्रार्थनेचा विषय म्हणून. सुनेने तसंच आपल्या बहिणीला सांगितलं. शनिवारपर्यंत सगळं गाव लेआबाईसाठी प्रार्थना करत होतं आणि बोर्डिंगच्या फाटकाशी अकरा मुलींच्या आया डबे घेऊन उभ्या होत्या.

रविवारी दुपारी सत्तर ताटांपैकी तीस ताटं तशीच उठली. पोरींनी पेटीतले चुरमुरे-फुटाणे खाल्ले. भाकऱ्यांची टोपली अर्धी भरलेली स्वयंपाकघरात परत आली, आणि लेआबाई तिच्याकडे कितीतरी वेळ बघत बसली.

“कळलंया समद्यांस्नी,” ती म्हणाली. मग मान वर करून तिने मला विचारलं, “बाई, तुमी न्हाई ना?”

“नाही.”

“मला ठाव हाय वो. उगंच इचारलं. दवाखान्याचा डायवर मागं बाजारात दिसला व्हता. त्यानंच वळखलं आसंल.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने त्या डायवरला दोष देत देत उरलेल्या भाकऱ्या उन्हात वाळायला पसरल्या, आणि मी तिला मदत केली.

बोर्डिंगच्या कमिटीने ईस्टरनंतर निर्णय घ्यायचं ठरवलं. कमिटीत चार पुरुष आणि जयवंताबाई. दवाखान्याच्या डॉक्टरांनी पाळकांना पत्र पाठवलं, की या बाईला रोग नाही, हिच्यापासून कुणाला काही होणार नाही. पत्र देवळात वाचून दाखवलं. लोकांनी ते मान डोलावून ऐकलं आणि पोरींचे डबे चालूच ठेवले.

ईस्टरच्या आदल्या रविवारी, पाम संडेच्या संध्याकाळी, पाळक उजागरे माझ्या खोलीच्या दारात आले. सडसडीत, मोजकं बोलणारा माणूस. बसा म्हणायच्याही आत त्यांनी विषय काढला.

“आमच्या घरच्या बाई तुमच्या सभेत होत्या. मला माहीत आहे कुणी सांगितलं ते.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“रडू नकोस. लेआबाईला मी ते सांगितलेलं नाही. पण सांगितलंस तू, आता निस्तरायचंही तूच. पत्राने भीती जात नाही, कुसुम. डोळ्यांनी पाहिल्यावर जाते. ईस्टरला प्रभुभोजन आहे. बायकांच्या रांगेत पहिली लेआबाई असेल.”

आमच्या देवळात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायला, प्याला एकच. लाकडी कठड्याशी रांगेने गुडघे टेकायचे, पाळक एकीच्या ओठांना प्याला लावतात, पांढऱ्या फडक्याने काठ पुसतात, किंचित फिरवतात आणि पुढचीला देतात. शंभर वर्षं हे असंच चालत आलं होतं.

“तिच्यानंतर तू,” पाळक म्हणाले. “तुझ्यानंतर जयवंताबाई आणि बाकीच्या. तू तिच्यामागे प्यायलीस की त्या पितील. सगळ्या प्यायल्या तर कमिटीला बोलायला तोंड राहणार नाही. आणि कुणी न पिता उठलं, तर मला तिला ठेवता येणार नाही. तिला परत दवाखान्यात धाडावं लागेल. जमेल ना?”

“हो,” मी म्हणाले. मला वाटलं, देवाने किती लवकर मला भरपाई करू दिली!

लेआबाईला हे त्यांनीच समजावलं. त्या आठवड्यात तिने आपलं पांढरं लुगडं दोनदा धुतलं.

“बाई, पितील का वो समद्या?” तिने शुक्रवारी मला विचारलं.

“तुमच्यामागे मी आहे ना. मी पिणार आहे.”

“मंग झालं,” ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. “तुमी एकल्या प्यायला तरी मला बास हाय.”

ईस्टरच्या सकाळी देऊळ गच्च भरलं होतं. गाण्यात कुणाचं लक्ष नव्हतं. बायकांची पाळी आली तेव्हा लेआबाई उठली, मी तिच्यामागे गेले आणि आम्ही कठड्याशी गुडघे टेकले. आमच्या पाठीवर अख्ख्या मंडळीचे डोळे आहेत हे मला न पाहता कळत होतं. भाकरीचा तुकडा मिळाला. मग प्याला आला. लेआबाईने फडकं बांधलेला हात छातीशी धरून मोठा घोट घेतला. तिच्या ओठाशी एक थेंब राहिला, तो तिने जिभेने टिपला. पाळकांनी काठ पुसला, प्याला फिरवला आणि माझ्यापुढे धरला. मी दोन्ही हातांनी तो ओठांशी नेला, तिरका केला, आणि परत दिला.

माझ्या डाव्या हाताला जयवंताबाई होत्या. त्यांनी डोळे घट्ट मिटले, ‘येशू’ म्हणाल्या आणि प्यायल्या. इतक्या जोरात की घोट उतरल्याचा आवाज मला ऐकू आला. मग पुढची प्यायली, मग तिच्या पुढची. रांग उठली, दुसरी आली. त्या दिवशी बावन्न बायका लेआबाईमागून त्या प्याल्याला ओठ लावून गेल्या आणि न पिता उठलेली एकही कुणाला दिसली नाही.

देवळाबाहेर जयवंताबाईंनी मला मिठी मारली. “तू होतीस म्हणून गं,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडे बघून धीर आला.” कमिटीने चिंचेखाली उभ्या उभ्याच ठरवलं की लेआबाई राहील. आयांनी आपापले डबे परत नेले. दुपारी सत्तरच्या सत्तर ताटं चाटूनपुसून उठली. जयवंताबाई स्वतः पंगतीत बसल्या आणि त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

चारच्या सुमाराला मी स्वयंपाकघरामागच्या लेआबाईच्या खोलीत गेले. ती बोचकं बांधत होती.

“हे काय?” मी म्हणाले. “कमिटीने ठेवलंय तुम्हाला. ऐकलं नाहीत का?”

“ऐकलं.”

“मग?”

“तुमी प्यायला न्हाईत, बाई.”

“असं काय बोलता? सगळ्यांनी पाहिलं.”

“समदे पाठीमागं व्हते, जयवंताबाईंचं ध्यान प्याल्याकडं. मी शेजारी व्हते.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “तुमचा गळा हालला न्हाई. ओठ मिटल्याले व्हते.”

ते खरं होतं. माझ्या डोक्याला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरांचं पत्र मला तोंडपाठ होतं. तिच्या हातच्या भाकऱ्या मी चवीने खाल्ल्या होत्या. पण प्याला समोर आला तेव्हा मला तिच्या ओठावरचा तो थेंब दिसला, पातेल्याला चिकटलेली साल दिसली आणि ओठ मिटले ते उघडेनात. मी नुसतं प्यायल्याचं सोंग केलं. प्रभूच्या मेजाशी, ईस्टरच्या दिवशी.

“बाकीच्या तर प्यायल्या ना,” मी म्हणाले. “खरंच प्यायल्या. त्यांच्यासाठी राहा.”

“त्या तुमच्याकडं बघून प्यायल्या. त्यांस्नी ठाव न्हाई. तुमास्नी समदं ठाव हाय. माझा हात तुमी धुतला, मलम लावलं. तरी तुमास्नी जमलं न्हाई.” तिने गाठ आवळली. “आज ना उद्या त्यांचंबी तसंच व्हनार. त्ये बघत मला हितं बसवत न्हाई.”

“लेआबाई…”

“आन् सांगितलं त्येबी तुमीच. व्हय ना? म्या उगं त्या डायवरला शिव्या घातल्या.”

मी मान हलवली. मग तिचे पाय धरले. “मला माफ करा.”

“केलं की,” ती लगेच म्हणाली. “माफ न करून काय करायचं? उठा, साडी मळंल.”

तिने इतक्या चटकन माफ केलं की पुढे मागायला काही उरलंच नाही. पाचच्या एस.टी.ने ती गेली. स्टँडवर मी येते म्हटलं तर नको म्हणाली.

मी धावत जाऊन पाळकांना खरं सांगू शकले असते. मंडळीपुढे उभी राहू शकले असते. मग माझ्यामागून ज्या एक्कावन्न जणी प्यायल्या होत्या त्यांना कळलं असतं की मी प्यायलेच नव्हते. त्यांचं भलं म्हणून मी गप्प बसले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं कारण एवढंच की मला लाज वाटत होती. गाव म्हणालं, बघा, एवढं करून शेवटी गेलीच. अशा लोकांना केलेलं पचत नाही. मी तेही ऐकून घेतलं.

जयवंताबाई गेल्यावर मातृसंघाने मला अध्यक्ष केलं. आजही लेंट आला की कुणीतरी नव्या मुलींना त्या ईस्टरची गोष्ट सांगतं. आढावबाई एकट्या पुढे झाल्या, प्रीती म्हणजे काय ते त्यांनी करून दाखवलं. पोरी माझ्याकडे बघतात आणि मी खाली बघते. त्याला त्या नम्रता म्हणतात.

लेआबाईला मी त्यानंतर एकदाच भेटले. चार वर्षांनी, मे महिन्यात, कुणाला न सांगता घाटाखालच्या दवाखान्यात गेले. ती तिथल्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. करंगळी आता नव्हती. जखम चिघळली म्हणून काढली, म्हणाली. आम्ही लिंबाच्या पारावर बसलो. तिने पाळकांची चौकशी केली, जयवंताबाईंची केली, बोर्डिंगच्या पोरींची नावं घेऊन घेऊन कोण काय शिकते ते विचारलं. मला घडाघडा बोलायचं होतं, पण ती तशी वेळच येऊ देत नव्हती.

तेवढ्यात एक बाई किटली आणि कप घेऊन पाराकडे आली. तिच्या हाताची बोटं आखूड होती. तिने लेआबाईला एक कप भरून दिला आणि दुसरा कप भरायला किटली तिरकी केली.

“बाईंस्नी नगं,” लेआबाई तिला हळूच म्हणाली. “त्या घेत न्हाईत.”

टोचून नाही बोलली ती. सांभाळून घेतल्यागत बोलली. बाईने किटली सरळ केली आणि ती पुढे गेली. उन्हातून आल्यामुळे माझ्या घशाला कोरड पडली होती. मला नुसतं ‘द्या’ म्हणायचं होतं. मी पदराने तोंड पुसलं आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. आणि आता या वयात लपवून काय करायचं? ती नको म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.